हालचालींच्या विकासात मागे असलेल्या लहान मुलांचा घरचा सराव : पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

आपले मूल त्याच्या वयाच्या मुलांप्रमाणे मान धरत नाही, बसत नाही, रांगत नाही किंवा हातात वस्तू नीट पकडत नाही, हे लक्षात आल्यानंतरचे पहिले काही महिने पालकांसाठी फार गोंधळाचे असतात. ‘थांबा, होईल आपोआप’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, रोज नवा उपाय सुचवणारेही भेटतात. पण उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमच्या मुलीच्या स्नायूंचा टोन, म्हणजे स्नायूंमधला नैसर्गिक ताण, कमी होता आणि विकासाचा प्रत्येक टप्पा तिने उशिरा गाठला. त्या काळात फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि बालरोगतज्ज्ञांकडून जे शिकायला मिळाले, ते नव्याने या वाटेवर आलेल्या पालकांसाठी क्रमाने मांडते आहे. तुमच्या मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या तज्ज्ञांचा सल्ला आणि या लेखातील सूचना यांत फरक आढळला, तर तज्ज्ञांचेच ऐकावे.

पुढचे सगळे ज्यावर उभे आहे, ती गोष्ट आधी सांगते. मूल स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या प्रयत्नाने जी हालचाल करते, तिच्यातूनच मेंदू शिकतो. दुसऱ्या कोणी त्याचे हातपाय धरून हलवले, तर सांधे मोकळे राहायला कदाचित मदत होईल, पण ती हालचाल मुलाला येऊ लागणार नाही. त्यामुळे पालकाचे मुख्य काम म्हणजे मुलाला हालचाल करावीशी वाटेल आणि थोड्या प्रयत्नाने ती जमेल, अशी परिस्थिती दिवसभरात वारंवार तयार करणे.

१. आधी मुलाचे वय नीट मोजा

३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलाचे ‘दुरुस्त वय’ काढणे आवश्यक असते. ४० आठवड्यांतून जन्माच्या वेळचे आठवडे वजा करायचे आणि जो फरक येईल तो आजच्या वयातून कमी करायचा. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ आज आठ महिन्यांचे असेल, तर विकासाचे टप्पे पाहताना त्याला सुमारे सहा महिन्यांचे समजावे. हा हिशेब साधारणपणे दोन वर्षांपर्यंत करतात. लसीकरण मात्र जन्मतारखेनुसारच होते. त्यात दुरुस्त वय आणू नये.

त्यानंतर टप्प्यांकडे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत प्रत्येक टप्प्याला एक तारीख नसून बराच मोठा कालावधी दिलेला आहे. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिने, आधाराशिवाय उभे राहणे ६.९ ते १६.९ महिने आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने. सुमारे चार टक्के मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरीही पुढे व्यवस्थित चालली. म्हणजे ओळखीतले मूल दहाव्या महिन्यात चालले, यावरून तुमच्या मुलाविषयी काहीच कळत नाही. परंतु या कालावधीची वरची मर्यादा ओलांडली जाते, तेव्हा ती गंभीरपणे घ्यायलाच हवी, कारण शंभरांपैकी नव्व्याण्णव निरोगी मुलांनी तोवर तो टप्पा गाठलेला असतो.

निरनिराळ्या तक्त्यांत निरनिराळे महिने दिसतात, त्याने गोंधळून जाऊ नये. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये सुधारलेल्या तक्त्यांत प्रत्येक कौशल्यासमोर जे वय दिले आहे, त्या वयापर्यंत चारपैकी किमान तीन मुलांना ते कौशल्य आलेले असते. बहुतेक मुलांना कौशल्य आलेले असते ते वय आणि वरची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे लक्षात ठेवले म्हणजे कोणताही तक्ता वाचता येतो.

२. कोणत्या लक्षणांसाठी वाट पाहू नये

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर ‘पुढच्या लसीच्या वेळी विचारू’ असे म्हणू नये, त्याआधीच डॉक्टरांकडे जावे.

– पूर्वी येत असलेले कौशल्य मूल हळूहळू विसरत आहे. वय कितीही असो, हे लक्षण सर्वांत तातडीचे आहे.
– चार महिन्यांनंतरही मान स्थिर राहत नाही किंवा मुठी बहुतेक वेळ घट्ट मिटलेल्या असतात.
– नऊ महिने पूर्ण झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, अठरा महिने झाले तरी एकटे चालत नाही.
– वर्षाच्या आतच मूल ठरावीक एकच हात वापरते, किंवा शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा कमी हलते. ‘डावखुरे असेल’ असे समजून हे सोडून देऊ नये. एवढ्या लहान वयात हात ठरलेला नसतो.
– उचलल्यावर अंग फार सैल लागते आणि काखेतून निसटेल असे वाटते, किंवा उलट पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येतात.
– चालू लागल्यानंतर मूल सतत चवड्यांवरच चालते.
– तीन वर्षांच्या आसपासचे मूल जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर येते. अशा वेळी स्नायूंच्या आजाराची शंका घेऊन रक्तातील क्रिएटिन कायनेजची तपासणी करतात, आणि ती टाळू नये.

तान्ह्या बाळाला, विशेषतः झोपेतून उठल्यावर, एकामागोमाग एक दचकल्यासारखे किंवा अंग पुढे वाकवणारे झटके येत असतील, तर त्याचा व्हिडिओ घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

३. पहिल्या तपासणीची तयारी

तज्ज्ञांसमोर मूल रडते, झोपते किंवा जे घरी सहज करते ते अजिबात करत नाही, आणि मिळालेला वेळ जुनी माहिती आठवण्यात संपतो. म्हणून एक फाइल आधीच लावून ठेवावी. तिच्यात ही कागदपत्रे असावीत :

– जन्माची नोंद : कितव्या आठवड्यात जन्म झाला, वजन, बाळ लगेच रडले का, प्रसूतीत काही अडचण आली का.
– नवजात अतिदक्षता विभागात ठेवले असल्यास तिथला डिस्चार्ज सारांश. कावीळ झाली असल्यास बिलिरुबिनचे आकडे.
– वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांच्या नोंदी. डोक्याच्या घेराची नोंद नसेल, तर ती करून घ्यावी.
– लसीकरण पत्रिका, चालू औषधांची यादी, आधीचे सर्व रिपोर्ट. स्कॅन झाला असेल तर रिपोर्टसोबत मूळ फिल्म किंवा सीडी.
– कानांची आणि डोळ्यांची तपासणी झाली असेल तर तिचे अहवाल. झाली नसेल, तर ती आधी करावी. ज्याला खेळणे नीट दिसत नाही, ते मूल त्याच्याकडे सरकणारही नाही.
– कुटुंबात कोणाला उशिरा चालणे, स्नायूंचा आजार किंवा फिट येण्याचा त्रास होता का, याची टीप.

याखेरीज मोबाइलवर एक-एक मिनिटाचे चार-पाच व्हिडिओ घ्यावेत : मूल पाठीवर, पोटावर, बसलेले, आधाराने उभे आणि खेळण्याकडे हात नेताना. अंगावर कपडे कमी असावेत, संपूर्ण शरीर चौकटीत यावे आणि तुमचे हात मध्ये येऊ नयेत. आमच्या अनुभवात तोंडी वर्णनापेक्षा या व्हिडिओंनीच तज्ज्ञांना जास्त सांगितले. विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, आणि शक्य असल्यास दोघांनी जावे म्हणजे एकाला मुलाकडे आणि एकाला डॉक्टरांच्या बोलण्याकडे लक्ष देता येते.

४. निदानाची वाट पाहत बसू नका. पहिले उद्दिष्ट ठरवा

काही मुलांचे निदान लवकर होते, काहींचे वर्षानुवर्षे होत नाही. सेरेब्रल पाल्सीसारख्या (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणाऱ्या) स्थितीचा अंदाज आता हालचालींचे निरीक्षण, न्यूरॉलॉजिकल तपासणी आणि एमआरआय यांच्या मदतीने पुष्कळदा सहा महिन्यांच्या आत बांधता येतो. पण थेरपी सुरू करण्यासाठी आजाराचे नाव ठरण्याची गरज नसते. हालचालींत उशीर आहे, एवढे कारण पुरेसे असते. मोठ्या हालचालींसाठी फिजिओथेरपिस्ट आणि हातांची कौशल्ये, कपडे घालणे, स्वतःच्या हाताने खाणे यांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, अशी साधारण विभागणी असते, जरी प्रत्यक्षात दोघांची कामे बरीच एकमेकांत मिसळतात.

पहिल्याच भेटीत थेरपिस्टबरोबर एक-दोन उद्दिष्टे ठरवून घ्यावीत, आणि ती रोजच्या जगण्यातली असावीत. ‘पाठीचे स्नायू बळकट करणे’ हे उद्दिष्ट घरी कोणाला मोजता येत नाही. ‘जमिनीवर बसून दोन्ही हातांनी दोन मिनिटे खेळणे’ हे मात्र आजीलाही पाहून सांगता येते. उद्दिष्ट साधारण सहा ते आठ आठवड्यांत गाठता येईल एवढेच मोठे असावे. आठ उद्दिष्टांची यादी घेऊन घरी आलात, तर पहिल्या आठवड्यात सगळीच सुरू होतील आणि दुसऱ्या आठवड्यात सगळीच मागे पडतील.

५. जागा आणि साधने

महागड्या उपकरणांची गरज फार थोड्या मुलांना असते, आणि ती तज्ज्ञांनी मोजमाप घेऊन सांगितल्यावरच घ्यावीत. घरच्या सरावासाठी न सरकणारी सतरंजी किंवा चटई, सुरळी करता येईल असा टॉवेल, दोन-तीन कडक उशा, मुलाच्या गुडघ्याएवढ्या उंचीचा स्टूल, मजबूत पुठ्ठ्याचा मोठा खोका, चेंडू, ठोकळे, डबे आणि त्यांची झाकणे, न फुटणारा आरसा आणि जाड खडू एवढे पुरे. मूल अनवाणी असावे, कारण तळव्याला जमीन जाणवली की तोल सावरणे सोपे जाते. गादी फार मऊ असेल तर तिच्यावर सराव करू नये. ढकलायला घट्ट जमीन लागते.

मूल जागे असताना बसवून, बांधून ठेवण्याची साधने, म्हणजे झोके, आरामखुर्च्या, कारसीट, कमीत कमी वेळ वापरावीत. पाच वर्षांखालील मुलांना एका वेळी एक तासाहून अधिक जखडून ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. हालचालीत उशीर असलेल्या मुलाच्या बाबतीत तर ही मर्यादा मी आणखी कमी ठेवेन, कारण त्याला स्वतःहून उठून दुसरीकडे जाता येत नाही.

६. सराव दिवसभरात पेरा

या लेखातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. थेरपीचा आठवड्यातला एखादा तास आणि घरी सक्तीने करवून घेतलेला अर्धा तास यांच्यावर सगळी भिस्त ठेवली, तर प्रगती रखडते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचे खेळताना निरीक्षण केले गेले. ती मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. हा सराव कोणी घडवून आणलेला नव्हता. थांबत, वळत, अडखळत, निरनिराळ्या दिशांनी ती मुले चालत होती. आपल्या मुलाला एवढ्या संधी आपोआप मिळत नाहीत; त्या आपल्याला जागोजागी ठेवाव्या लागतात.

त्यासाठी दिवसातली अशी कामे शोधा जी तुम्ही एरवीही करणारच आहात. बाळाला अंथरुणातून सरळ वर उचलण्याऐवजी आधी कुशीवर वळवा, खालच्या कोपरावर भार येऊ द्या, तिथे क्षणभर थांबा आणि मग कोपराने ढकलत बसते होण्यापुरती मदत करून उचला. प्रत्येक वेळी असेच उचलले, तर दिवसातून दहा-बारा वेळा ‘कुशीवरून बसणे’ याचा सराव होतो आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. लंगोट बदलताना पाय वर धरून खेळवणे, आंघोळीनंतर टॉवेलचे एक टोक त्याच्या हातात देऊन ओढायला लावणे, आवडते खेळणे जमिनीऐवजी स्टूलवर ठेवणे ही त्याच प्रकारची कामे आहेत.

मोजे काढण्याचे उदाहरण थोडे तपशिलाने सांगते, कारण याच पद्धतीने कपड्यांची, जेवणाची आणि इतर अनेक कामे शिकवता येतात. आमची मुलगी मोजा काढताना लगेच वैतागायची. थेरपिस्टने सांगितले, की मोजा तुम्हीच टाचेवरून आणि तळव्यावरून उतरवा आणि फक्त बोटांच्या टोकाला अडकलेला ठेवा. शेवटचा हिसका तिचा. तिने मोज्याचे टोक धरून ओढले की तो निघायचा आणि काम ‘तिने पूर्ण केलेले’ असायचे. ते सहज जमू लागल्यावर मोजा तळव्याच्या मध्यावर ठेवला, नंतर टाचेच्या खाली, आणि शेवटी टाचेच्या वर, जिथे अंगठा आत घालावा लागतो. टाचेचा टप्पा सर्वांत अवघड निघाला आणि त्यावर आम्ही बरेच दिवस थांबलो. शेवटच्या पायरीपासून मागे मागे शिकवण्याचा फायदा हा, की मुलाचा प्रयत्न दर वेळी यशाने संपतो.

मदत किती करावी, यालाही क्रम आहे. आधी वस्तू दिसेल अशी ठेवा. नंतर बोट दाखवा. तेवढ्याने झाले नाही, तर हलका स्पर्श करून दिशा द्या, आणि अगदी शेवटी हातावर हात ठेवून करून दाखवा. पुढच्या वेळी याच जिन्याने उलटे उतरत मदत कमी करा. शरीराला आधार देतानाही हेच तत्त्व आहे : छातीशी धरले तर मुलाला फार कमी काम उरते, कमरेशी धरले तर थोडे जास्त, मांड्यांशी धरले तर त्याहून जास्त. जमू लागले की हात खाली सरकवावेत.

आणि थांबावे. वस्तू समोर ठेवल्यावर मनात दहापर्यंत मोजावे, बोलू नये, वस्तू जवळ सरकवू नये. टोन कमी असलेल्या मुलाला हालचालीची जुळवाजुळव करायला वेळ लागतो. नीट पाहिले तर ती जुळवाजुळव दिसते : नजर वस्तूवर स्थिरावते, श्वास क्षणभर रोखला जातो, खांदा किंचित वर येतो, बोटे उघडतात, आणि मग हात निघतो. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला आपण चेंडू हातात दिला, तर निम्म्यावर आलेली ती हालचाल तिथेच विरते.

७. मोठ्या हालचाली : पोटावर असण्यापासून चालण्यापर्यंत

*पोटावर ठेवणे.* झोपताना बाळाला नेहमी पाठीवर आणि जागे असताना तुमच्या देखरेखीखाली पोटावर ठेवावे. अजून न हिंडणाऱ्या बाळांसाठी जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पोटावर ठेवण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. हा वेळ दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत विभागला तरी चालतो. बाळ रडत असेल तर छातीखाली टॉवेलची सुरळी द्यावी, कोपरे खांद्यांच्या थोडी पुढे आणावीत, किंवा तुम्ही मागे रेलून त्याला स्वतःच्या छातीवर पालथे घ्यावे. आपला चेहरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला की मान उचलायला त्याला कारण मिळते.

*बसणे.* बसवून ठेवलेले मूल आणि स्वतः बसते होणारे मूल यांत मोठा फरक आहे. उशांच्या मध्ये ठेवून बसवले की मूल बसलेले दिसते, पण तोल सावरण्याचे काम उशाच करतात. मुलाला तुमच्या पायांच्या मध्ये जमिनीवर बसवा, हात पुढे टेकू द्या आणि खेळणे आधी समोर, मग बाजूला, मग एवढ्या अंतरावर ठेवा की ते घेण्यासाठी एका हातावर भार द्यावा लागेल. दोन्ही पाय बाहेरच्या बाजूने मागे दुमडून बसायची सवय अनेक सैल सांध्यांच्या मुलांना असते. क्षणभर तसे बसले म्हणून बिघडत नाही, पण तीच एक बैठक राहिली तर कंबर वळवण्याची संधी मिळत नाही. म्हणून न रागावता पाय पुढे घ्यायला सुचवावे.

*रांगणे.* जमिनीवर पाय पसरून बसा आणि तुमच्या मांडीवर मुलाचे पोट येईल अशा तऱ्हेने त्याला आडवे घ्या. हात एका बाजूला, गुडघे दुसऱ्या बाजूला जमिनीवर. या स्थितीत पुढे-मागे डुलण्याचा खेळ पुष्कळ वेळ चालतो. पुढे उशांचे छोटे अडथळे ओलांडायला द्यावेत.

*उभे राहणे आणि चालणे.* मुलाला स्टूलवर असे बसवा की तळवे पूर्ण टेकतील, आणि खेळणे समोर थोडे उंचावर ठेवा. उठण्यासाठी नाक पायाच्या बोटांच्या पुढे यावे लागते, म्हणून खेळणे डोक्याच्या वर न धरता पुढे ठेवावे. बसून उठणे हा एकच व्यायाम निवडायचा झाला, तर मी हाच निवडेन. त्यानंतर फर्निचर धरून बाजूने चालणे येते. दोन आधारांमधले अंतर रोज थोडे वाढवावे. चालायला शिकवताना मुलाचे दोन्ही हात वर धरून त्याला पुढे नेऊ नये, कारण त्यात भार आपल्या हातांवर येतो आणि मूल पुढे झुकायला शिकते. वजन घातलेला खोका ढकलत चालू द्यावे, ते त्याहून उपयोगी ठरते.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे सांधे सैल असतात, ती साधारण दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात आणि त्यांतील काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांत अस्थिरता असते. अशा मुलांना कोलांट्या किंवा मानेवर भार येईल असे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

८. हातांची कौशल्ये

हात मोकळे होण्यासाठी आधी धड स्थिर लागते. खुर्चीत तळवे टेकलेले, गुडघे आणि नितंब काटकोनात आणि टेबल कोपराच्या उंचीला असेल, तर तेच मूल तीच वस्तू अधिक चांगली हाताळते. पाय लोंबकळत असतील तर खाली खोका द्यावा.

पकडण्याइतकेच सोडणेही शिकावे लागते. मूठ उघडून वस्तू ठरवलेल्या जागी सोडणे वर्षाच्या सुमारास येते. त्यासाठी रुंद तोंडाच्या डब्यात वस्तू टाकण्याचा खेळ उत्तम, कारण आवाजही होतो. पुढे डब्याचे तोंड लहान करत जावे. चिमटीसाठी खडूचे लहान तुकडे द्यावेत, कारण छोटा तुकडा मुठीत धरताच येत नाही. कागद भिंतीवर चिकटवून रेघोट्या ओढायला लावले की मनगट आपोआप योग्य दिशेला वळते. उभी रेघ साधारण दोन वर्षांना, गोल तीनला आणि अधिकचे चिन्ह चारला जमते. त्याआधी अक्षरे गिरवायला लावण्यात अर्थ नाही.

तीन वर्षांखालील मुलाला सुमारे तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू एकट्याने हाताळायला देऊ नयेत, आणि मुलाला वस्तू तोंडात घालायची सवय असेल, तर वय वाढले तरी हा नियम पाळावा. म्हणजे खडूचे तुकडे देतानाही शेजारी बसावे. बटण-सेल आणि छोटी लोहचुंबके सरावाच्या खोलीतही ठेवू नयेत. गिळलेला बटण-सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

९. नेहमीचे सापळे

चाके असलेला पांगुळगाडा चालायला शिकवत नाही. त्यात मूल चवड्यांनी ढकलते, तोल सावरायला शिकत नाही आणि अपघाताचा धोका असतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. 

सांधे जोराने ताणणारे, मूल किंचाळत असतानाही चालू ठेवलेले उपचार स्वीकारू नयेत. व्यायामात थोडी कुरकुर होते; वेदना होत असतील तर काहीतरी चुकते आहे. मुलाचा एक हात धरून, ओढून त्याला उचलू नये, कोपराचा सांधा निखळू शकतो.

खात्रीने बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून सावध राहावे, विशेषतः स्टेम सेल आणि तत्सम उपचार मोठी रक्कम आगाऊ घेऊन सुचवले जातात तेव्हा. कोणत्याही उपचाराबाबत तीन प्रश्न विचारावेत : यातून कोणते कौशल्य येईल, ते किती काळात दिसेल आणि दिसले नाही तर आपण काय बदलणार? उत्तर स्पष्ट मिळत नसेल तर निर्णय पुढे ढकलावा.

आणखी एक सापळा मायेपोटी येतो. घरातली माणसे मुलाला कष्ट नकोत म्हणून प्रत्येक वस्तू हातात देतात. त्यांना दोष देण्यापेक्षा थेरपीच्या एका भेटीला सोबत न्यावे. तज्ज्ञांनी प्रत्यक्ष दाखवलेले त्यांना लगेच पटते, आणि मग तेच सर्वांत चिकाटीने सराव करून घेतात.

१०. नोंदी ठेवा आणि ठरावीक काळाने आढावा घ्या

रोज लिहिण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा, एकाच जागी, एकाच कोनातून, एकाच कृतीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा आणि खाली दोन ओळी लिहाव्यात : काय स्वतः केले, कुठे किती मदत लागली. रोज सोबत असणाऱ्याला प्रगती दिसत नाही. दोन महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ शेजारी लावला की दिसते.

आजारपणात सराव पूर्ण थांबवावा. बरे झाल्यावर मूल एखादी पायरी मागे गेलेले आढळते, तिथूनच पुन्हा सुरू करावे. बहुतेकदा ते काही दिवसांत भरून निघते. आजार संपून काही आठवडे झाले तरी गेलेले कौशल्य परत आले नाही, तर मात्र दुसऱ्या मुद्द्यातील पहिले लक्षण समजून डॉक्टरांना दाखवावे.

पायाला स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) दिला असेल, तर तो काढल्यावर त्वचा पाहावी. लाल खूण २०-३० मिनिटांत जात नसेल, तर माप बदलायला हवे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत खुब्याचा सांधा वेदना न होताही हळूहळू सरकू शकतो, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे कधी काढायचा हे डॉक्टरांना विचारून घ्यावे; ते सांगतील याची वाट पाहू नये.

तीन महिने नियमित सराव होऊनही ठरवलेले उद्दिष्ट जागचे हलले नसेल, तर थेरपिस्टला व्हिडिओ दाखवून स्पष्ट विचारावे, की उद्दिष्ट मोठे होते, पद्धत बदलायला हवी की आणखी तपासण्यांची गरज आहे. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही. तो मुलाला पुन्हा तपासतो, उद्दिष्टाचे लहान तुकडे करतो आणि घरी करायच्या पुढच्या दोन गोष्टी तुमच्याकडून तिथेच करवून घेतो.